पऱ्हाटीची फांदी आणि जपानी फुलदाणी

दिवाळीच्या सुट्ट्या लागतात तेव्हा आमच्या आर्णीत सगळ्यांचे डोळे वावराकडे असतात. सोयाबीन निघालेले असते, तूर फुलायच्या बेतात असते आणि कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते. अरुणावतीच्या काठच्या उंच गवताला पांढरे तुरे येतात, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते आणि दुपारी ऊन पुन्हा चटका देते. हा शरद ऋतू. आमच्यासारख्या घरांना बाहेर पडायला वर्षातला हाच काळ सोयीचा. मुलांच्या शाळा बंद असतात. बाबा कंबलपोष यांच्या उरुसात गावातले प्रत्येक घर पाहुण्यांनी भरलेले असते, तेव्हा उंबरा ओलांडणे शक्य नसते. उन्हाळ्यात लग्ने आणि ऊन, पावसाळ्यात पेरणी आणि निंदण.

तरीही यंदा सहलीचा विषय निघाला तेव्हा अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, नाराज झाल्या. "परतीच्या पावसानं बोंडं सडली, भावाचा पत्ता नाही, आणि तुम्ही फुलं पाहायला पुण्याला जाता? बेटा, फुलं काय इथं नाहीत?"

प्रश्न खोटा नव्हता. कास्तकाराच्या घरात पैसा कुठे जातो आणि कशासाठी जातो याचा हिशेब सगळ्यांना द्यावा लागतो. पण आमच्याकडेही एक कारण होते. धाकट्या नणंदेचा निकाह जानेवारीत ठरला होता. लहानपणापासून तिच्या हातात पेन्सिल. शाळेच्या भिंतीवर, मेंदीच्या कोनात, वहीच्या शेवटच्या पानावर तिची फुले-पाने असायची. बारावीनंतर रंगांचा डबा माळ्यावर गेला. तिची एक मैत्रीण पुण्यात जपानी भाषा शिकते. तिच्याकडून नणंदेने 'इकेबाना'बद्दल ऐकले आणि निकाहच्या आधी एकदा तरी ते डोळ्यांनी पाहायचे, असा हट्ट धरला. तिने आयुष्यात केलेला हा बहुधा पहिला हट्ट.

शेवटी अम्मीच म्हणाल्या, "मग मीही येते. पाहू तरी काय आहे ते." हा लेख आम्ही दोघी जावांनी मिळून लिहिला आहे. सोबत अम्मी, नणंद, भाईजान (आमच्यापैकी थोरलीचे मियाँ) आणि तीन मुले. धाकटीचे मियाँ वेचणीसाठी घरी थांबले. भाड्याच्या गाडीने दिग्रस, पुसद, वाशीम, जालना करत पहिला मुक्काम औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आणि दुसरा पुण्यात, असा पाच दिवसांचा बेत होता. निघताना नणंदेने आमच्याच वावरातल्या वेचून झालेल्या तीन पऱ्हाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवल्या. का ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आधी पाणी, मग बाग

औरंगाबादेत आम्ही सर्वांत आधी पाणचक्कीला गेलो, ते अम्मींच्या इच्छेने. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. निजामाच्या काळात, १७४४ मध्ये, तुर्कताज खान या सरदाराने ती बांधवली असे मानतात. गावाबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून ते उंचावरून खाली सोडले आहे. त्या धारेच्या जोरावर जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्या मुसाफिरांसाठी, अनाथांसाठी आणि सैनिकांसाठी पीठ दळले जात असे. मुले हौदातल्या माशांपाशी रमली. अम्मी मात्र पाण्याची धार बघत बराच वेळ उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षे त्यांनी हातजात्यावर दळले आहे. "इतकी अक्कल लावली आणि बायकांचे हात वाचवले," एवढेच त्या म्हणाल्या.

या शहराची पाण्याची अक्कल पाणचक्कीपेक्षाही जुनी आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने इथे खडकी नावाचे शहर वसवले. तो हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. शहर वसवल्यावर त्याने जमिनीखालून बोगदे आणि मातीचे नळ टाकून डोंगरातले पाणी गावात खेळवले. त्या योजनेला आजही 'नहर-ए-अंबरी' म्हणतात. बागा, हमामखाने, मशिदींचे हौद हे सगळे नंतर आले. पाणी आधी आले म्हणून ते येऊ शकले. कोरडवाहू वावरे असलेल्या आमच्या गावाकडून गेलेल्या माणसांना ही गोष्ट लगेच पटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिला राबिया-उद्-दौरानी असेही म्हणतात. ही वास्तू उभारण्याचे श्रेय तिचा मुलगा शहजादा आझम शाह याला दिले जाते. मुख्य दरवाजावरच्या कोरीव मजकुरात अताउल्ला या स्थापत्यकाराचे आणि हंसपत राय यांचे नाव आहे. अताउल्ला हा ताजमहालाचे काम पाहणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. म्हणजे बापाने ताज उभा केला आणि मुलाने मकबरा.

लोक याला 'गरिबाचा ताज' म्हणून थोडे हिणवतात. जुन्या नोंदीप्रमाणे मकबऱ्यावर ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे खर्च झाला. ताजमहालाचा खर्च त्या मानाने कित्येक पटींनी मोठा, कोटींच्या घरात गेलेला. तेवढा पैसा नव्हता, म्हणून इथे संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला वापरला. मधल्या भागात आपल्या दख्खनचा काळा दगड आहे आणि त्यावर चुन्याचा बारीक घोटलेला गिलावा. कमीपणा शोधायला आलेला माणूस इथूनच परत फिरतो. नणंद मात्र त्या गिलाव्यासमोर वही काढून बसली. ओल्या चुन्यात हाताने उठवलेली फुले, वेली, कमानींच्या टोकांवरची पाने. संगमरवर परवडला नाही तिथे कारागिराचे बोट कामाला आले. मुख्य दरवाजाच्या लाकडावर ठोकलेल्या पितळी पत्र्यांवरही फुलांची नक्षी आहे. ती सहसा कोणी थांबून बघत नाही. आम्ही थांबलो.

कबर वरच्या मजल्यावर नाही. ती खाली आहे. भोवती संगमरवरी जाळी आहे आणि वर उभे राहून खाली पाहायचे असते. आम्ही फातिहा पढली आणि बाहेर बागेत आलो.

ही बाग 'चारबाग' पद्धतीची आहे. मधोमध इमारत, चार बाजूंना पाण्याचे पाट आणि पाटांनी पडलेले चार भाग. चारबागेची रीत इराणातून आली. कुरआनातल्या जन्नतच्या वर्णनाशी तिचे नाते जोडले जाते. सूरह मुहम्मदमध्ये पाण्याच्या, दुधाच्या, शराबच्या आणि मधाच्या नहरांचा उल्लेख आहे. मुलांना हे सांगितले तेव्हा धाकट्याने विचारले, "मग इथले कारंजे बंद का?" त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पाण्यावाचून चारबाग कशी दिसते ते मात्र मुलांना आपोआप कळले. नकाशा तोच राहतो, जीव जातो.

दुपारी नानखलिया खाऊन हिमरूचा एक कारखाना पाहिला. हिमरूत उभे धागे सुती आणि आडवे रेशमी असतात. किनखाबाचा जरीचा थाट ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी सुत आणि रेशीम मिसळून हे कापड विणले जाऊ लागले. मागावर बसलेल्या वयस्कर कारागिराने एक-एक धागा उचलत अर्ध्या बोटाएवढे फूल विणून दाखवले. अम्मींनी सुती धागा चिमटीत धरून पाहिला. आमच्या वावरातून जिनिंगला जाणारा कापूस पुढे कुठे जातो, कोणाच्या हाती लागतो, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

पुण्यात: एका बापाचे संग्रहालय, दोन शहरांची बाग

औरंगाबाद ते पुणे साधारण पाच तास लागले. पुण्यातला पहिला दिवस राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी ठेवला होता. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे चष्म्याच्या व्यवसायातले गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि पुढे हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती दिला. वस्तू वीस हजारांच्या वर आहेत. त्यातल्या फारच थोड्या राजे-रजवाड्यांच्या वाटतात. बाकी सगळे घरातले: दिवे, अडकित्ते, पानदाने, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, भांडी, वाद्ये, कोरीव दारे. मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचे अवशेषही इथे आणून एका दालनात मांडले आहेत.

गुलाबदाणीच्या लांब मानेपाशी अम्मी हसल्या. त्यांच्या माहेरी अशीच एक होती. मोडीत गेली. एका साध्या अडकित्त्यावर कारागिराने पोपट का काढला असेल, यावर नणंद आणि भाईजान यांच्यात बराच वाद रंगला. सुपारी तर पोपटाशिवायही कातरता आली असती! पण रोज हातात येणारी वस्तू देखणी असावी असे आपल्या आजी-पणजींना वाटत होते आणि त्यासाठी त्या वेगळा खर्च करत नव्हत्या. अडकित्ता लागायचाच, तो पोपटाचा घेतला, इतकेच.

संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो. पुणेकर त्याला 'ओकायामा बाग' म्हणतात. पुणे आणि जपानमधले ओकायामा यांच्या मैत्रीची ही खूण. दहा एकरांची ही बाग ओकायामाच्या कोराकुएन या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर केली आहे. मूळ कोराकुएन तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये करायला घेतली आणि ती १७०० मध्ये पूर्ण झाली. जपानच्या तीन थोर बागांत तिची गणना होते.

चारबाग पाहून दोनच दिवस झाले होते, त्यामुळे फरक चटकन लक्षात आला. चारबागेत सगळे सरळ रेषेत असते. दारातून पाऊल टाकताच मधली इमारत समोर उभी राहते. जपानी बागेत वाट वळते, एक टेकडी आड येते, ती ओलांडली की पाणी दिसते, पुन्हा वळण. पूर्ण बाग एका जागेवरून कधीच दिसत नाही. लांबचा डोंगर, बाहेरची झाडेसुद्धा बागेचाच भाग वाटावीत अशी मांडणी करण्याची त्यांची रीत आहे. फुलांचे ताटवे फार नाहीत. हिरवळ, दगड, पाणी आणि छाटलेली झुडपे. मुलांना पुलावरून रंगीत मासे दिसले आणि त्यांचे समाधान झाले.

नणंदेची मैत्रीण सोबत होती. तिने दोन गोष्टी सांगितल्या. मूळ कोराकुएनमध्ये आजही भाताचे खाचर आणि चहाचा मळा आहे. सरदाराच्या बागेत शेत! भाईजानना हे फार आवडले. दुसरी गोष्ट नावाची. 'कोराकु' म्हणजे नंतरचा आनंद. राज्य करणाऱ्याने चिंता लोकांच्या आधी करावी आणि आनंद लोकांच्या नंतर घ्यावा, अशा एका जुन्या चिनी विचारावरून हे नाव आले आहे. अम्मींनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "म्हणजे आनंद घ्यायचा. पण नंबर लावून घ्यायचा."

मगरिबची वेळ झाली होती. मुसाफिरालाही मगरिबच्या तीन रकातच असतात, कसर नाही. आम्ही बाहेर येऊन जवळच्या मशिदीचा पत्ता विचारला.

तीन फांद्या

इकेबानाची सकाळ एका ताईंच्या घरी होती. त्या बरीच वर्षे शिकतात आणि शिकवतात. बैठकीच्या खोलीत सतरंजी, समोर एक-एक उथळ पसरट भांडे, त्यात पितळी सुयांचा जड गट्टू. त्याला 'केन्झान' म्हणतात. फांदीचा देठ त्या सुयांत रोवायचा की ती हवी तशी तिरकी उभी राहते.

'इकेबाना' शब्दातच फुलांना जिवंत ठेवणे असा अर्थ आहे. सुरुवात बौद्ध मंदिरांत फुले वाहण्यापासून झाली. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिराशी जोडलेले इकेनोबो घराणे सर्वांत जुने, त्यातल्या एका भिक्षूच्या पुष्परचनेची नोंद १४६२ सालची आहे. पुढे ही कला मंदिराबाहेर पडली आणि चहाच्या खोलीत, घरांत, शाळांत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी उथळ भांड्यातली रचना आणली. १९२७ मध्ये तेशिगाहारा सोफू यांनी सोगेत्सु शाळा काढली. कोणीही, कुठेही, कोणत्याही साहित्यातून रचना करू शकतो, असे ती शाळा मानते. ताईंनी आम्हाला तिचाच पहिला धडा दिला.

भाईजान दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. ताई म्हणाल्या, "तुम्हीही या. हे काम आधी भिक्षू आणि लढवय्येच करायचे. बायकांकडे फार नंतर आलं." भाईजान आले आणि दोन तास उठले नाहीत.

नियम थोडे आहेत पण काटेकोर आहेत. मुख्य रेषा तीनच. सर्वांत लांब 'शिन', मधली 'सोए', आखूड 'हिकाए'. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करायची आणि तिची दीडपट म्हणजे शिनची लांबी. शिनचा पाऊण हिस्सा सोए, सोएचा पाऊण हिस्सा हिकाए. शिन उभ्या रेषेपासून १५ अंश कलते, सोए ४५ अंश, हिकाए ७५ अंश. भांड्याचा मोठा भाग रिकामा, नुसते पाणी दिसणारा. देठ कापायचा तो पाण्यात बुडवून, म्हणजे देठात हवा शिरत नाही आणि फूल जास्त दिवस टिकते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात.

ताईंनी पेरूच्या फांद्या आणि पिवळी शेवंती आणून ठेवली होती. शेवंती जपानमध्येही शरदाचे फूल. तिथे तिला 'किकु' म्हणतात आणि बादशाही घराण्याच्या चिन्हावर तीच आहे. आपल्याकडे बाजारात गजऱ्या-हारांत ढिगाने विकले जाणारे फूल तिथे एकेकटे पाहतात.

त्यावरून ताईंनी एक गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात रिक्यू नावाचे चहाविधीचे थोर गुरू होते. त्यांच्या बागेत सकाळी उमलणाऱ्या निळ्या वेलीची फुले फार सुंदर फुलली असल्याचे ऐकून त्या काळचा बलाढ्य सत्ताधीश हिदेयोशी पाहायला आला. बागेत एकही फूल नव्हते. सगळी तोडलेली. तो रागावून चहाच्या खोलीत शिरला तर तिथे एकच फूल ठेवलेले. त्या एकात त्याला सगळी दिसली, असे सांगतात.

आम्ही सगळे गप्प झालो. अम्मी म्हणाल्या, "एक दाखवायला बाकीची तोडायची काय गरज होती? झाडावर राहिली असती. भुंग्यांना झाली असती." ताई मोकळेपणी हसल्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही."

मग नणंदेने वर्तमानपत्राची गुंडाळी उघडली. तीन पऱ्हाट्या. पाने वाळून गळालेली, तपकिरी वाकडे फाटे, दोन-तीन उघडी बोंडे आणि एका टोकाला वेचायचा राहिलेला पांढरा कापूस. ताईंनी फांदी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. अशी रेषा बाजारात विकत मिळत नाही, असे त्या म्हणाल्या. नणंदेने शिन आणि सोए पऱ्हाटीची लावली, हिकाएच्या जागी एक शेवंती अगदी खाली, पाण्याजवळ. वावरात ही पऱ्हाटी आम्ही रोज पाहतो. वेचणी झाली की उपटतो आणि चुलीत घालतो. तिचा फाटा असा वळतो हे आमच्या लक्षात आले नव्हते.

सर्वांत चांगली रचना मात्र अम्मींची झाली. कुठले पान काढायचे, कुठे छाटायचे हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. अंगणातली जाई त्या चाळीस वर्षे छाटत आल्या आहेत.

घरी करून पाहा

केन्झान विकत आणायलाच हवा असे नाही. आम्ही आर्णीला परतल्यावर असे केले.

भांडे: मातीचे पसरट कुंडे, जुनी कासंडी किंवा पितळी परात. उंची चार बोटे असली तरी चालते. समजा भांडे २४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच आहे. बेरीज ३०, दीडपट ४५. म्हणजे पहिली फांदी ४५, दुसरी साधारण ३४ आणि तिसरी २५ सेंटिमीटर.

आधार: कुंभाराकडची चिकणमाती मळून तिचा मुठीएवढा गोळा भांड्याच्या एका कडेला बसवा. त्यात फांद्या रोवा आणि गोळा नदीतल्या गोट्यांनी झाका. वाळलेल्या पऱ्हाटीला पाणी लागत नाही. फुलाला लागते, म्हणून फुलाचा देठ औषधाच्या छोट्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून ठेवा आणि ती बाटली गोट्यांत लपवा.

साहित्य: पऱ्हाटी, फुलांवर आलेली तुरीची फांदी, नदीकाठच्या गवताचे तुरे, ज्वारीचे कणीस, पेरू किंवा डाळिंबाची फांदी, आणि एक किंवा तीन फुले. शेवंती, झेंडू, जास्वंद, जे अंगणात असेल ते.

काळजी: पऱ्हाटी वेचणी पूर्ण झाल्यावरच घ्या, फवारणीनंतर लगेच नको. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. फांद्या धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मग घरात आणा आणि हात साबणाने धुवा. लहान मुले असतील त्या घरात कण्हेर, धोतरा आणि बेशरम ही झाडे रचनेत घेऊ नका. तिन्ही विषारी आहेत. पाणी एक दिवसाआड बदला, म्हणजे डास होत नाहीत. जुने पाणी कुंडीला घाला.

फुले तोडायची ती मोजकी. अम्मींचा नियम आता घरात पक्का झाला आहे: झाडावर दहा असतील तर एक घ्यायचे.

निकाहचा मांडव

परत आल्यावर मांडव सजवणाऱ्याचा माणूस निकाहच्या स्टेजचे फोटो घेऊन आला. प्लॅस्टिकच्या फुलांची कमान, थर्माकोलचे खांब, मागे कापडी पडदा आणि वर खऱ्या गुलाबांच्या माळा, ज्या वलीमा होईपर्यंत कोमेजणार. आकडा ऐकून भाईजान गप्प बसले. मुलीचे लग्न म्हणजे लोक काय म्हणतील, हा प्रश्न असतोच. आमच्या बिरादरीत निकाह साधा असावा असे सगळेच बोलतात आणि आपल्या घरची वेळ आली की कमान वाढवतात.

अम्मींनी ते फोटो परत केले. पडदा आणि बसण्याची व्यवस्था तेवढी त्याच्याकडून घ्यायची ठरली. स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या पितळी पराती, त्यांत पऱ्हाटी, तुरीची फांदी आणि शेवंती, आणि ते काम नणंद व तिच्या मैत्रिणी आदल्या रात्री करतील. काही नातेवाईक नाक मुरडतील. नणंद म्हणते, मुरडू द्या.

वाचलेल्या पैशांचे काय, तेही अम्मींनीच ठरवले. ती रक्कम नणंदेच्या नावाने बँकेत ठेवली आहे, कला शिक्षक पदविकेच्या फीसाठी. पुसदला समधींच्या घरी जाऊन त्यांनी स्वतः विषय काढला. नवरा मुलगा लगेच हो म्हणाला. त्याच्या अम्मी म्हणाल्या, पहिले वर्ष संसारात जाऊ द्या, मग पाहू. 'मग पाहू' म्हणजे काय, हे आपल्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको. पण पैसे बाजूला आहेत, रंगांचा डबा माळ्यावरून खाली आला आहे आणि तो तिच्या जहेजच्या पेटीत सर्वांत वर ठेवला जाणार आहे. बाकी अल्लाहच्या हाती.

आमच्या गावाकडे आता वेचणी संपत येईल आणि बांधाबांधांवर पऱ्हाट्यांचे ढीग पडतील. त्यातल्या सगळ्या चुलीत जाण्याआधी एक फांदी हातात घेऊन फिरवून पाहा. खर्च काही नाही. घरातल्या एखाद्या मुलीच्या हाती ती द्या आणि ती कुठे ठेवते ते बघा.